सृष्टीचा आवाज

भूम तालुक्यातल्या एका शाळेत डिजिटल बोर्ड आला, आणि त्यातल्या इंग्रजी गोष्टी सगळ्यांत आधी सृष्टीला पाठ झाल्या. मेंढरं राखणाऱ्या बिरूची ही सातवीतली पोरगी. बोर्डावरची बाई जशी बोलायची, तशीच्या तशी ती बोलून दाखवायची.

तालुक्याला इंग्रजी गोष्टींच्या व्हिडिओची स्पर्धा निघाली. कुमार सरांनी तिला ऑफिसात बसवलं आणि तिच्याकडून गोष्ट वाचून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केली.

"आधी नुसता आवाज. शूटिंग नंतर," ते म्हणाले.

शूटिंग झालं ते शिवांजलीचं. शाळा समितीच्या अध्यक्षांची, हिंमतरावांची ती मुलगी. नवा ड्रेस, नवी रिबीन, आणि सृष्टीच्या आवाजावर हलणारे ओठ.

व्हिडिओचा पहिला नंबर आला. पालकांना बोलावून तो बोर्डावर दाखवला. सृष्टीची आई सिताबाई दाराशी बसली होती. दोन वाक्यं ऐकली आणि ती उठलीच.

"सर, ह्यो तर माझ्या सृष्टीचा आवाज हाय!"

बाया हसल्या. हिंमतराव म्हणाले, "सिताबाई, तुम्हाला कधीपासनं इंग्रजी कळाया लागलं?"

"इंग्रजी न्हाय कळत. पोरगी कळती."

हशा आणखी वाढला. सरांनी सृष्टीला उभं केलं. सरांचा चेहरा हसरा होता, पण तिच्या खांद्यावरची त्यांची बोटं रुतत होती.

"सांग आईला. कुणाचा आवाज आहे?"

"शिवांजलीचा," सृष्टी म्हणाली.

सिताबाई पदर सावरत खाली बसली. घरी जाताना एवढंच म्हणाली, "म्या खुळी ठरले, ठरू दे. तू का खोटं बोललीस?"

सृष्टीनं रडत रडत सगळं सांगितलं.

"आता पुन्यांदा वाचू नकोस," आई म्हणाली.

जिल्ह्याच्या फेरीसाठी सरांनी तिला भर वर्गात वाचायला उठवलं, तेव्हा सृष्टी म्हणाली, "न्हाय वाचणार, सर."

सर चिडले नाहीत. त्यांनी मोबाइल बोर्डाला जोडला. तिनं कधीच न वाचलेला उतारा तिच्याच आवाजात वर्गभर ऐकू येऊ लागला.

"मागचं रेकॉर्डिंग आहे ना माझ्याकडं," सर म्हणाले. "त्याच्यावरून हे अ‍ॅप वाट्टेल ते वाचतं. तुझी आता गरज नाही." मग बोर्डाकडं बोट दाखवत पोरांकडं वळले. "चला, शिवांजलीच्या मागं म्हणा."

वर्ग म्हणू लागला. सृष्टी तोंड मिटून उभी होती.

"तू पण," सर म्हणाले.

तीही म्हणू लागली.