दोन भाऊ आणि सुतार वडील

आयुष्यभर मी दुसऱ्यांचंच बोलणं टिपून घेतलं. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, तेव्हा मध्येच खरखर झाली तर सांभाळून घ्या. मी एक टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण रबर लावून बंद करावं लागतं, फीत मागे न्यायचं बटण दोनदा दाबल्याशिवाय दाद देत नाही, आणि माझा स्वभाव तिरसट आहे. ज्या खोलीत मी चाळीस वर्षं काढली तिथे तुम्ही चाळीस दिवस काढा, मग माझ्या स्वभावाबद्दल बोला.

कारखान्यातून आम्ही सहा जण एका खोक्यात निघालो. कोणी गाण्याच्या क्लासात गेला, कोणी लग्नाच्या हॉलमध्ये. मला विद्यापीठाने घेतलं आणि फेलोशिपच्या कचेरीत एका लांबलचक टेबलावर ठेवलं. मला वाटलं, माझं भाग्य उजळलं. एम.ए., पीएच.डी.च्या ज्या मुलांना संशोधनासाठी परकी भाषा लागते, त्यांना वर्षभर त्या मुलखात ठेवून भाषा शिकवायची, अशी ही योजना. डोंगरापलीकडच्या भाषेसाठी दर वर्षी दोन जागा. उमेदवाराने त्या भाषेत पाच मिनिटं बोलायचं, मी ते टिपून घ्यायचं, जाणकारांनी ऐकून गुण द्यायचे. कागदावर सगळं कसं छान असतं!

माझ्या फितीवर पहिला आवाज पडला तो एका हडकुळ्या मुलाचा. शर्ट मित्राचा असावा, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. एकेक शब्द जपून ठेवत तो म्हणाला, “माझं गाव नदीकाठी आहे. मला दोन भाऊ आहेत. माझे वडील सुतार आहेत. त्यांच्या हातांना लाकडाचा वास येतो.” शब्दकोश चाळून त्याने स्वतः जुळवलेली वाक्यं होती ती, आणि चारही खरी होती. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. त्या खोलीत मला मनापासून आवडलेली माणसं दोनच, त्यातला हा पहिला.

त्याला फेलोशिप मिळाली. वर्षभराने तो परत आला तेव्हा अंगावर भारी कोट होता, खांद्यावर गालिचा होता आणि फोटोंचे तीन अल्बम होते. भाषा तेवढी आणायची राहिली. तिकडे तो आपल्याकडच्याच पोरांबरोबर राहिला, आपलंच बोलला आणि आपलेच पत्ते पिसत बसला. पण इथे त्या भाषेचा गंध दुसऱ्या कोणाला होता? वासरांत लंगडी गाय शहाणी. दहा वर्षांत तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला आणि निवड समितीचा अध्यक्ष झाला. तोवर त्याच्यापाशी त्या भाषेतला ‘धन्यवाद’ उरला होता, आणि ती चार वाक्यं. घाम गाळून पाठ केलेली असल्यामुळे ती काही जाईनात.

समितीत आणखी दोघं. एक सर अध्यक्षांच्या प्रत्येक वाक्याची री ओढायचे, म्हणून कचेरीतली कारकून बाई त्यांना मागे ‘री सर’ म्हणायची. दुसऱ्या एक मॅडम. मुलाखती चालू असताना त्या कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आणि चहा आला की मान वर करायच्या. नियमाप्रमाणे चौथा माणूस भाषेचा जाणकार हवा. तो केव्हाच निवृत्त झाला होता. त्याची खुर्ची मात्र उशीसकट तिथेच होती, आणि हजेरीपटावर त्याचं नावही. माझ्या कॅसेटी कपाटात जायच्या. चाळीस वर्षांत माझं ‘ऐका’ लिहिलेलं बटण त्या खोलीत कोणी दाबलं नाही, म्हणूनच ते अजून नव्यासारखं आहे.

आता मुख्य गंमत ऐका. एकदा सत्काराच्या भाषणात अध्यक्षांनी आपल्या तरुणपणीची ती चार वाक्यं कौतुकाने म्हणून दाखवली. एका हुशार पोराने ती टिपून घेतली आणि मुलाखतीत धडाधड म्हटली. अध्यक्षांचा चेहरा असा फुलला! “वा! काय उच्चार आहेत!” आणि का नाही फुलणार? अख्ख्या भाषेत त्यांना तेवढंच तर कळत होतं. पोराला जागा मिळाली. जाताना तो ती वाक्यं धाकट्यांना देऊन गेला आणि धाकट्यांनी आणखी धाकट्यांना दिली. तेव्हापासून त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दोन भाऊ असतात. एकुलत्या एका मुलीला दोन भाऊ. न्यायाधीशाच्या चिरंजीवांचे वडील सुतार. एका वर्षी तर दोघी सख्ख्या बहिणी एकापाठोपाठ एक येऊन गेल्या. दोघींना दोन-दोन भाऊ होते, बहीण एकीलाही नव्हती! असल्या पोपटांना सरकार वर्षभर पोसतं आणि परत आले की त्यांना तज्ज्ञ म्हणतं. मला त्यांची कीव येत नाही, किळस येते.

गेल्या वर्षी आठ जण आले. सातांचं गाव नदीकाठी होतं. आठवी एक मुलगी होती. तिची आई मोठ्या इस्पितळात आया होती. हातातली वही इतकी वापरलेली की पुठ्ठा निसटू नये म्हणून दोऱ्याने बांधलेली. जिन्यात इतरांनी तिलाही ती चार वाक्यं देऊ केली असणार, कारण ती सुरुवातीलाच त्या भाषेत अडखळत म्हणाली, “मला भाऊ नाही.”

अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. “चुकलं. भाऊ दोन.”

“सर, मला एकही भाऊ नाहीये.”

“वाक्य तसं नाही, बाळ.”

“वाक्य तसं नाहीच,” री सर म्हणाले.

मुलगी गोंधळली, पण थांबली नाही. आईच्या वॉर्डात डोंगरापलीकडून येणाऱ्या रुग्णांकडून वेचून आणलेले शब्द होते तिचे. पाणी, रक्त, पाय, मुलगा, घर. ते जोडून जोडून ती बोलत होती. एका ठिकाणी शब्द संपले तशी ती आपल्या भाषेवर आली.

“सर, डोंगरापलीकडची एक आजी आमच्या वॉर्डात होती. बरोबर कोणी नव्हतं. दोन दिवस आईचा हात धरून एकच वाक्य म्हणत राहिली. आईने पाणी दिलं, पांघरूण दिलं, डॉक्टरांना बोलावलं. ती नुसती मान हलवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. आईला अजून झोप लागत नाही. ते वाक्य मी कानाला लागलं तसं लिहून ठेवलंय. तुम्ही इतके मोठे जाणकार आहात, अर्थ सांगाल का?”

तिने वही उघडून वाचलं आणि मी ते टिपून घेतलं. अध्यक्षांनी री सरांकडे पाहिलं, री सरांनी मॅडमकडे आणि मॅडमनी उत्तरपत्रिकेकडे.

“इथे प्रश्न आम्ही विचारतो,” अध्यक्ष म्हणाले.

“सर, अशी माणसं रोज येतात. कुठे दुखतंय तेसुद्धा आम्हाला कळत नाही. मला तिकडे जाऊन शिकायचंय ते त्यासाठीच.”

“पाच मिनिटं झाली.”

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पोटातली फीतच गुरफटली. मुलगी वही बांधून बाहेर गेली. ती मला आवडलेली दुसरी.

दुसऱ्या दिवशी कारकून बाईने मेकॅनिकला बोलावलं. मागच्या गल्लीत रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने फीत हलक्या हाताने सोडवली, गुंडाळली आणि चाचणी म्हणून ‘ऐका’चं बटण दाबलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! तो ऐकत राहिला. आधी हसू दाबलं, मग चष्मा पुसत खदाखदा हसला.

“बाई, हे सातही जण एकाच सुताराचे का हो?”

“तुम्हाला कळतंय हे?” बाई चकित झाली.

“कळायला काय? मी तिकडचाच. तीस वर्षं झाली इकडे येऊन.”

मग आठवा आवाज आला, आणि त्याचं हसू गेलं. ते वहीतलं वाक्य त्याने तीनदा मागे नेऊन ऐकलं. तेवढ्यात अध्यक्ष यादीवर सही करायला आत आले.

“साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतोय,” मेकॅनिक उभा राहत म्हणाला, “पण यात बोलतेय ती ही एकच पोरगी. बाकीच्यांनी पाठ म्हटलंय.”

“तुमचं काम मशीनचं. ते झालं का?”

मेकॅनिकने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या भाषेत, अगदी सावकाश विचारलं, “साहेब, मी बोलतोय ते तुम्हाला कळतं का?”

अध्यक्ष प्रसन्न हसले आणि त्याच भाषेत म्हणाले, “धन्यवाद.”

मग त्यांनी यादीवर सही केली. दोन जागा दोन सुतारपुत्रांना. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे खटारं भंगारात काढा. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर घेऊ.” या टेबलावर आपला पहिला शब्द कोणी टिपला होता, हे त्या माणसाला आठवलंसुद्धा नाही. त्यांचे कान शेवटचे लाल झाले तेव्हा मी तिथेच होतो. पण मी तरी कुणाला सांगणार?

कारकून बाईने मला मेकॅनिकच्या हवाली केलं, कॅसेट पोटातच ठेवून. वर मुलीच्या अर्जातला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्या कचेरीत तेवढं एकच काम नियमाबाहेर झालं आणि तेवढंच धड झालं.

मुलगी दुकानात आली ती आईला घेऊनच. मेकॅनिकने दोघींना स्टुलावर बसवलं आणि मला सुरू केलं. वाक्य आलं. आईने पदर घट्ट धरला.

“काका, काय म्हणत होती ती?” मुलीने विचारलं.

मेकॅनिकने चष्मा काढून ठेवला. “फार मोठं काही नाही, ताई. ‘खिडकी उघड गं, बाळ.’ एवढंच.”

मग आई खालच्या आवाजात म्हणाली, “तिच्या डोक्याशीच होती खिडकी. माझा हात पोहोचत होता.” आणि ती जी रडायला लागली ती थांबेना, शेवटी मेकॅनिकने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

आता मी त्या दुकानात फळीवर असतो. आठवड्यातून तीन दुपारी मायलेकी येतात आणि मेकॅनिक पंख्याची गुंडाळी करता करता त्यांना आपली भाषा शिकवतो. मुलगी यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. ती मुलाखतीत खरं बोलेल आणि ते तिला पुन्हा नापास करतील, याची मला खात्री आहे. तुमच्यापैकी कोणी तसल्या टेबलाच्या पलीकडे बसत असेल तर हात जोडून सांगतो, समोरचा काय म्हणाला ते कळलं नसेल तर तसं कबूल करा. त्याने जीभ झिजत नाही. नाहीतर उठा आणि ती खुर्ची गल्लीतल्या मेकॅनिकला द्या.

माझी फीत आता जागोजागी विरली आहे, फार दिवस काढेन असं वाटत नाही. तिच्यावरचा शेवटचा आवाज त्या आयाबाईंचा आहे. परवाच, मला तोंडाशी धरून, त्यांनी डोंगरापलीकडच्या भाषेत आपलं पहिलं वाक्य म्हटलं, “आजी, खिडकी उघडू का?” उच्चार अगदी वाईट आहे. मेकॅनिक म्हणतो, कळतो.