कमानीच्या पावलाचा शेंदूर

शेंदराची खपली तळहातावर होती... बोटभर जाडीची, थरावर थर बसलेली. यातला कुठला थर आपला, प्रमिलाला कळेना. लग्न होऊन सौंसरला येताना सासूने तिला याच पुलाखाली उतरवलं होतं — कमान जिथे दगडी खांबावर टेकते त्या पावलाला शेंदूर लावायला. नदीपलीकडून आलेली प्रत्येक सून लावायचीच. पुढे ती दर शनिवारी लावत राहिली, उपास धरून.

सकाळी सरकारी माणसांनी छिन्नीने तो खरवडला, आणि खाली भेग निघाली. वर केसाएवढी, खाली नख जाईल एवढी. पूल तिथल्या तिथे बंद झाला. खाली पडलेली खपली तिने उचलून आणली. रंगारी आजवर सारा पूल रंगवत आले, तेवढी जागा सोडून... देवाला कोण खरवडणार?

पलीकडे, माहेरी, तिची आई होती. अर्धं अंग गेलेली. वहिनी उशाशी ताट ठेवून वावरात निघून जायची. तिला इथे आणू या का, असं प्रमिलाने नवऱ्याला हळूच विचारलं होतं. तो म्हणायचा, आधी चातुर्मास होऊ दे, मग मागच्या खोलीला गिलावा होऊ दे...

वसंतराव जेवताना पुलाबद्दलच बोलत होते. बांधकाम खात्यात जन्म गेलेला माणूस. बायकोशी ते इतकं भरभरून दुसऱ्या कशाबद्दल कधी बोलले नव्हते. वाळूच्या साच्यात ओतलेले तुकडे, त्यांवर घातलेले आकडे, ते बैलगाड्यांवरून कसे आले, एकाला एक कसे टेकवले.

"बीड आहे हे, ओतीव लोखंड. दाबा किती दाबायचं ते, हूं की चूं नाही करत. म्हणून तं त्या इंग्रज सायबानं कमान केली, भार सारा दाबातच राहावा म्हणून. पण ताण आला का वाकत नाही, सांगत नाही. एकदम तुटते."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. ती भाकरी वाढत होती.

"अन् तुझ्या आईचं... आता पूलच बंद झाला. आपल्या हातात काय राह्यलं?"

किती मोकळं वाटलं होतं त्यांना हे म्हणताना! खांदे खाली आले होते. तिने पाहिलं.

"नागपूर रोडनं फिरून जाता येते," ती म्हणाली.

"एवढ्या फेऱ्यानं? म्हातारीले रस्त्यातच मारतं का? भाजी वाढ."

तिने वाढली.

संध्याकाळी देवापुढे बसल्यावर तिने खपली उलटी केली. लोखंडाला चिकटलेल्या बाजूवर एक बारीक उंचवटा होता — भेगेचा ठसा. म्हणजे शेंदूर आत उतरला होता. म्हणजे भेग जुनीच... आणि आपण दर शनिवारी, डोळे मिटून, तिच्यावर बोट फिरवत, काय मागत होतो? आई इथे यावी, हे नव्हे. सहन करायचं बळ दे, एवढंच. आणि ते तेवढं मात्र मिळत गेलं — भरभरून, न चुकता.

"दिवा लावला का वं?" बाहेरून हाक आली.

काडी हातातच होती. तिने माळ उचलली, पहिला मणी अंगठ्याखाली घेतला... देवाचं नाव ओठांवर येईना. आणि येत नाही याची भीतीही वाटेना.