गाडी कोण चालवत होतं

क्रेनवाल्याने ती गाडी माझ्या गॅरेजच्या फाटकात सोडली आणि सुटला. पुढचं तोंड पार चेपलेलं. वळणावरच्या भिंतीवर जाऊन आदळली होती. कारागिरांनी मागून ढकलायचं, मी आत बसून स्टिअरिंग धरायचं, असं ठरलं. बसलो, पाय ब्रेककडे नेला, तर पाय पुरेचना. आता मी काही ठेंगणा माणूस नाही. पण सीट एवढी मागे, की मी आपला न्हाव्याच्या खुर्चीत दाढीला पडल्यासारखा. पुढे घ्यायला खालचा दांडा ओढला. सीट ढिम्म. धडकेने तळाचा पत्रा वर आला होता आणि सीट ज्या पट्टीवर सरकते ती वाकून जाम झाली होती.

म्हटलं, असू दे. गाडी शिडीची आहे. त्याच्या मापाने सीट लावलेली असणार. एवढा उंच, की गॅरेजमध्ये सगळे त्याला शिडीच म्हणतात, तोंडावर सोडून.

मग कळलं, की इन्शुरन्सच्या कागदावर गाडी चालवणारा म्हणून शिडी नाहीच. तिथे बुटक्याची सही आहे.

बुटक्या म्हणजे शिडीचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवतो. पाय पुरावेत म्हणून पाठीमागे घ्यायला जाड उशी शिवून घेतलीय त्याने. बसमधलं प्रत्येक पोर नावानिशी ठाऊक. त्या बसपायी गड्याने लग्न लांबवलं, म्हणे सकाळची फेरी चुकायला नको. आणि शाळा अशी कडक, की लायसनवर जरा डाग पडला की चावी ठेव आणि चालू लाग.

शिडीचं लायसन मात्र आधीच जप्त. पिऊन चालवताना सापडला होता. लायसन नसताना गाडी ठोकली तर इन्शुरन्सवाले कशाला देतात दमडी? म्हणून ह्याने मेहुण्याला पुढे केलं. अपघाताच्या वेळी शेजारी बायको बसली होती, तिचा हात मोडला. ती इस्पितळात असतानाच ह्याने इकडे बुटक्याची सही उरकून घेतली.

मी बुटक्याला बोलावून घेतलं.

"अरे गाढवा, सही केलीस?"

"नुसती सही आहे हो मिस्त्री."

"नुसत्या सहीवर माणूस लग्न करून बसतो. बाहेर पडता येतं का?"

हसला. मी त्याचा दंड धरून त्याला गाडीपाशी नेलं, सीट दाखवली, दांडा ओढायला लावला. मग हसायचा थांबला.

"तपासायला माणूस येणार," मी म्हटलं. "त्याआधी जा आणि सही मागे घे."

"मागे घेतली तर भाऊजी आत जातील. ताईचं काय?"

"आणि नाही घेतलीस तर तुझ्या बसचं काय?"

तो सीटकडे बघत उभा राहिला, मग बसची वेळ झाली म्हणून पळाला.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडतोय तोवर शिडी हजर. गोड आवाज काढून म्हणाला, "मिस्त्री, एक हातोडा मारा ना. सीट चार बोटं पुढे आली की झालं."

"आणि पट्टीवर हातोड्याचा ताजा वण दिसला की माझ्या दुकानाला कुलूप."

"अहो, कोण बघतंय एवढं!"

"मग तूच मार. तो बघ हातोडा."

हातोड्याकडे त्याने नजर टाकली, हात काही लावला नाही. असली माणसं अशीच. सगळं दुसऱ्याच्या हाताने पाहिजे.

तेवढ्यात फाटकाशी एक बाई आल्या. साधे कपडे, पायात जाड बूट, हातात टॉर्च. म्हणाल्या, मी इन्शुरन्सकडून, तपासणीला. मागोमाग बुटक्या आला, बसचा खाकी शर्ट घालूनच. बाईंनी त्यालाच बोलावलं होतं. आणि ताईलाही बोलावलं होतं, हे शिडीला ठाऊक नव्हतं. ती प्लॅस्टरमधला हात गळ्यात बांधून हळूहळू चालत आली तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता.

"तू कशाला आलीस? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना?"

"फोन आला म्हणून आले," ताई म्हणाली.

बाईंनी गाडीभोवती चक्कर मारली. दार उघडलं, सीटखाली टॉर्च मारला, दांडा ओढून बघितला. मग बुटक्याकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, "जरा बसता का आत?"

बुटक्या बसला. म्हणजे त्या सीटमध्ये बुडालाच.

"क्लच दाबा."

त्याने पाय लांबवला. पुरला नाही. खाली घसरला, अजून घसरला, तसं त्याचं डोकं स्टिअरिंगच्या खाली गेलं. आता बाहेरून नुसते केस दिसत होते. माझा एक कारागीर फिस्सकन हसला. मी असं बघितलं त्याच्याकडे, की हसू घशातच राहिलं.

"तुम्ही असेच चालवता?" बाईंनी विचारलं.

आतून आवाज आला, "हो. मला सवय आहे."

"रस्ता दिसतो?"

"अंदाजाने."

शिडी मध्ये पडला. "अहो मॅडम, गॅरेजवाल्यांनी हलवली असणार सीट! ह्यांचं काय, कुठेही हात घालतात."

माझं डोकंच फिरलं. "शिडी, जीभ सांभाळ! माझ्या दुकानात उभा राहून माझ्यावर ढकलतोस?" तोंडावर शिडी म्हणालो, त्याचंही भान राहिलं नाही.

बाईंनी हात वर करून दोघांनाही गप्प केलं. "ही पट्टी धडकेतच वाकलीय. कोणी हलवलेली नाही. मी ह्यांना शेवटचं विचारते," आणि त्या खाली वाकल्या. "खरं सांगितलंत तर तसं लिहीन. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. पण ह्याच बोलण्यावर राहिलात तर प्रकरण पोलिसांकडे जातं आणि लायसन राहत नाही. गाडी कोण चालवत होतं?"

बुटक्याचे कान लाल झाले होते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, जणू बस वळणावर आहे आणि मागे पोरं बसलीत.

"मी," तो म्हणाला.

बाई सरळ उभ्या राहिल्या आणि ताईकडे बघितलं. "तुम्ही शेजारी होतात ना?"

शिडी बायकोकडे रोखून बघत होता. घसा खाकरून म्हणाला, "तिला शुद्ध नव्हती."

"मला शुद्ध होती," ताई म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही. गाडीपाशी गेली, आत वाकली. "बाहेर ये."

"ताई, तू घरी जा."

"बाहेर ये म्हणते ना! लहानपणी माझ्या चपला घालून मिरवायचास, तसा दिसतोयस." मग ती बाईंकडे वळली. "गाडी हे चालवत होते. ह्याला सोडा."

शिडी म्हणाला, "चल घरी, बघतो तुला."

"बघा," ती म्हणाली. "आता काय बघायचं राहिलंय?"

पण सोडा म्हटल्याने कोणी सोडतं होय? शिडीवर फसवणुकीची केस झाली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय. गाडी माझ्या मागच्या अंगणात गंजतेय, तिला कोणी वाली नाही. बाईंनी आपल्या कागदात बुटक्याच्या बाजूने दोन शब्द घातले असं ऐकलं. तरी खोटी सही ती खोटी सही. लायसन वाचलं, पण कंपनीकडून शाळेला कळलंच. शाळेने त्याला काढलं नाही, एवढंच. केसचा निकाल लागेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्याच बसवर दार उघडायचं, पोरं उतरवायची. चालवायला दुसरा.

ताईशी तो कितीतरी दिवस बोलत नव्हता. "मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं," म्हणायचा. मी म्हटलं, तू खरा कधी होतास रे? तर माझ्याशीही अबोला धरला.

परवा बस फार धूर सोडते म्हणून दाखवायला आणली. नवा ड्रायव्हर खाली उतरला, बुटक्या दारापाशीच बसून राहिला. मीच गेलो, पायरीवर बसलो.

"ताईकडे गेला होतास म्हणे."

"हो. तिचं प्लॅस्टर काढलं. हात वाकडा जुळलाय."

"आणि तू? पोरं विचारत असतील, काका, तुम्ही का नाही चालवत?"

"रोज विचारतात."

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, मी न चालवलेली गाडी मीच चालवली असं म्हणालो होतो."

"कळतं त्यांना?"

"नाही," तो म्हणाला. बाहीनेच दाराची काच पुसली. "म्हणतात, मग आता म्हणा की चालवत नव्हतो, आणि चालवा."