चुकायचा सराव

घड्याळजींची मुलगी पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची, तेही खुर्चीच्या कडेवर टेकून, निघायच्या तयारीत. आता ती दर रविवारी बरोबर अकराला यायची. खिडकीजवळचं टेबल पुसायची, बाबांना उजेडाकडे तोंड करून बसवायची आणि स्वतःचा मोबाइल समोर उभा धरायची.

"हं बाबा. आज दवाखान्याची वेळ घ्यायची. मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही करा."

घड्याळजी स्वतःचा मोबाइल हातात घ्यायचे, उलटा. सुलटा करायचे. बोट हवेत फिरवून भलतीकडे टेकवायचे. मग त्यातून एखादी बाई मोठ्याने बोलू लागली की दचकायचे. "अगं, ही कोण? हिला सांग, मला काही विकत घ्यायचं नाही!"

मुलगी ओठ दाबून हसू आवरायची. संध्याकाळपर्यंत ते साठ हजार लोकांनी पाहिलेलं असायचं.

साठ हजार हा तिच्या गटाचा आकडा. गट तिने थट्टेसाठी काढला नव्हता, हे आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याने नाव नोंदवायची खिडकी बंद केली. ज्याला यायचं त्याने मोबाइलवरून वेळ घ्यावी. घड्याळजी अंगात ताप घेऊन तिथपर्यंत गेले आणि बंद काचेवरची पाटी वाचून परत आले. त्या रागात तिने इंटरनेटवर चार ओळी लिहिल्या. खाली कुणी आईबद्दल लिहिलं, कुणी बँकेबद्दल, कुणी वीज कार्यालयाबद्दल. ती माणसं एकत्र आली, त्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. पण अर्ज वाचतो कोण? बाबांचा व्हिडिओ मात्र सगळ्यांनी पाहिला. गटात चारशेचे साठ हजार झाले आणि दवाखान्याने दहा ते बारा खिडकी पुन्हा उघडली. हे तिचं श्रेय. ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये.

आता घड्याळजींचं. चाळीस वर्षं ज्या माणसाने डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू काढले आणि पुन्हा त्याच जागी बसवले, त्याला मोबाइल किती दिवस चकवणार? पाचव्या व्हिडिओनंतर त्यांनी एक वही घेतली. एका पानावर एक काम, एका ओळीत एक पायरी. रोज सकाळी उजळणी. सहाव्या रविवारी त्यांनी लेकीसमोर एका मिनिटात वेळ घेऊन दाखवली आणि परीक्षेत पहिलं आलेल्या पोरासारखं तिच्याकडे पाहिलं.

"अरे वा," ती म्हणाली. मोबाइल खाली केला. "छान. मग आज काही उरलं नाही. निघू मी?"

पुढच्या रविवारी तिला काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या शनिवारी घड्याळजींनी फोन केला. "अगं, ते मोबाइलचं मी परत विसरलो बघ सगळं."

रविवारी अकराला ती दारात हजर.

तेव्हापासून ते चुकायचा सराव करू लागले. वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी चुका लिहून काढल्या. ते गटातले शेरेही वाचत. 'या आजोबांशिवाय आमचा रविवार जात नाही.' 'आमच्या कुत्र्याला याहून लवकर समजेल.' 'हसू नका, हे दुःखद आहे', आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. घड्याळजी सगळं वाचून वहीत टिपण करत: मोबाइल उलटा धरणे, चांगले. बाईला उत्तर देणे, उत्तम. चष्मा शोधणे, जुने झाले.

मधल्या काळात त्यांची धाकटी बहीण, यजमान गेल्यावर, त्यांच्याकडे राहायला आली. तिच्या मुलाने दूरच्या नोकरीच्या गावाहून तिला मोबाइल पाठवला होता. तो दर रविवारी साडेअकराला फोन करी, त्याला तेवढीच सवड. फोन घड्याळजी आतल्या खोलीत जाऊन उचलत आणि तिच्या हातात देत.

"दादा, मला एवढंच शिकव," ती म्हणायची. "त्याचा फोन मला माझ्या हाताने घेता आला पाहिजे. तू काय जन्मभर पुरणार आहेस?"

"तू तर मला आत्ताच वर पोहोचवायला निघालीस," ते हसत. "आज चालू करणं आणि बंद करणं. उरलेलं पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात सगळं बिघडलं, तेही चांगुलपणाने. गटात एका बाईने लिहिलं, वडिलांना वेळ घेता येत नाही, मी परगावी आहे, काय करू? घड्याळजींना राहवलं नाही. त्यांनी आठ पायऱ्या लिहून पाठवल्या, क्रमवार, एकही न चुकता. तासाभरात कुणीतरी विचारलं, 'हे तेच आजोबा ना? मोबाइल उलटा धरणारे?' मग जे शेरे आले, त्यांत हसणारा एकही चेहरा नव्हता. दोन दिवसांनी दवाखान्याने कळवलं की ज्येष्ठांना सारं व्यवस्थित जमतं, हे सिद्ध झालं आहे. खिडकी बंद.

मुलगी बुधवारी आली. पहिल्यांदाच बुधवारी.

"तुम्हाला येत होतं?"

"येत होतं."

"मग मला तोंडघशी का पाडलंत?"

"मला येत होतं तेव्हा तू येत नव्हतीस."

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. घड्याळजींना वाटलं, आता ती बसेल.

"बाबा, तुमचा वेळ जावा म्हणून मी गट काढलेला नाही," ती म्हणाली. "बाहेर माणसं औषधावाचून परत जातायत. आता मला नवीन माणूस शोधायला हवा. ज्याला खरोखर येत नाही असा."

आतून आत्या पाणी घेऊन आली. तिच्या काखेत मोबाइल होता, वर पुसायचा रुमाल गुंडाळलेला.

"आत्या, तुला येतो का गं हा?"

"छे गं! चालू अन् बंद. पण दादा शिकवतोय ना."

मुलीने बाबांकडे पाहिलं. "थांबवा."

"अगं, तिला फक्त मुलाचा फोन—"

"मी रविवारी येते. अकराला." दारात वळून ती म्हणाली, "दर रविवारी येईन."

ती गेल्यावर बहीण वही घेऊन शेजारी बसली. "हं, गुरुजी. फोन आला की कुठलं दाबायचं?"

घड्याळजींनी बराच वेळ चष्मा पुसला. "लाल," ते म्हणाले.

"लाल. बरं झालं, लक्षात राहील." तिने वहीत मोठं लाल वर्तुळ काढलं.

रविवारी बहीण केस नीट विंचरून उजेडाकडे तोंड करून बसली. आपला मोबाइल समोर धरायचं काम मुलीने बाबांना दिलं; त्यांचा हात स्थिर. साडेअकराला टेबलावरचा मोबाइल वाजला आणि त्यावर मुलाचा चेहरा आला.

"अगं बाई, हा बघ!" ती पुढे वाकली. "बाळा, जेवलास का? बोल ना. असा नुसता बघत काय बसलायस?"

मोबाइल वाजत राहिला. मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती. मग बहिणीला वही आठवली. तिने बोट नीट नेम धरून टेकवलं.

चेहरा गेला.

"दादा, गेला रे. लालच सांगितलंस ना तू?"

"सुंदर," मुलगी कुजबुजली. "बाबा, हलू नका. अजून जवळ घ्या."

घड्याळजींनी अजून जवळ घेतलं.