धुपाचा पहिला मान

आखातातल्या सूर गावच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया आणा, म्हणून मीच वर्षानुवर्षं मालकाचं, अर्बाब हसनचं डोकं खाल्लं. थंडाव्याचा जुना गॅस, फ्रिऑन, वर आभाळाची वाट लावतो आणि गळला तरी वास नाही; साबणाचा फेस लावून गळती शोधत बसा. अमोनिया जरा सुटला की नाकच बोंब मारतं, हे मी छातीठोकपणे सांगायचो. माझं स्वतःचं नाक मात्र केव्हाच मेलं होतं.

हे फक्त माझ्या बायकोला, मैनाला ठाऊक. दूध नासलंय की नाही, ते मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचो. "कामावर सांगून टाका हो," ती म्हणायची. का सांगू? इतका घसा फोडून आणलेला प्लांट दुसऱ्याच्या हाती देऊ?

वसईच्या डॅरेलने, आमच्या सेफ्टीवाल्याने, ऑपरेटरांची वासाची परीक्षा घेतली. एका बाटलीत नुसतं पाणी, दुसरीत पातळ अमोनिया. मी मुद्दाम माझ्या जोडीच्या ऑपरेटरच्या, यूनुसच्या मागे उभा राहिलो. दुसऱ्या बाटलीला त्याने नाक मुरडलं, मग मीही मुरडलं. पास! प्लांटची किल्ली माझ्या खिशात आली. मी ऐटीत घरी जाऊन ती मैनाला दाखवली.

उद्घाटनाला पाहुणे जमले. इथे अशा वेळी धुपाटणं फिरवतात. ज्याला मान द्यायचा, त्याच्या हाती आधी. हसनने ते थेट माझ्यापुढे धरलं.

"यल्ला प्रताप, पहले तुम. ये गैस तुम लाया."

माझा ऊर भरून आला. दोन्ही हातांनी धुपाटणं घेतलं, वाकून लांब श्वास ओढला. माझ्या आधी कुणीच नव्हतं; तोंड कुणाचं बघणार?

"वा अर्बाब! क्या खुशबू है!"

हसनने मूठ उघडली. लोबानाचे खडे अजून त्याच्या तळहातावरच होते. धुपाटण्यात नुसते निखारे.

यूनुस फिस्सकन हसला. डॅरेल हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, किल्ली द्या."

"डोळे चुरचुरले की मला कळतं रे."

"तोपर्यंत लेट होतं, अंकल. आत बाकीचे पण असतात."

त्याचं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी किल्ली दिली.

आता मी दुसऱ्या शहरात, अझैबाला, घरोघरचे एसी दुरुस्त करतो. तोच बिनवासाचा गॅस, तोच साबणाचा फेस. मधूनच यूनुसचा फोन येतो. "प्रतापभाई, तुम्हारा प्लांट एकदम मस्त चल रहा है," म्हणतो.

तुम्हारा, म्हणे.