वरचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना सिग्नल आहे आणि माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकलेलं बरं. स्वतःची कहाणी सांगणारे माझे भाईबंद, म्हणजे मोडकी छत्री, शाळेचं बाक, म्हातारा घोडा, फार सोशीक असतात. त्यांना कुणाचा हेवा वाटत नाही. मला वाटतो. आत्ता या क्षणी समोरच्या गॅरेजच्या भिंतीवर तो शिकागोवाला सिग्नल लटकतो आहे, आणि आमचा मालक ड्वेन मऊ फडक्याने त्याची लाल काच पुसतो आहे. किती वेळ पुसायची एक काच?

असो. सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म ओतशाळेतला. एकाच धडाला चार तोंडं, चारही रस्त्यांकडे पाहणारी. पण पोटात दिवे मात्र तीनच: वर एक, मध्ये एक, खाली एक. प्रत्येक दिव्याभोवती चार बाजूंना चार रंगीत काचा. मला ओहायोतल्या विलोक्रीक गावाने मागवलं होतं, आणि त्या गावाचा हात फार आखडता. बारा दिवे जाळायचे कशाला, तिनांत भागत असेल तर? म्हणून मेन स्ट्रीटकडच्या माझ्या दोन्ही तोंडांना वर लाल काच आणि खाली हिरवी बसवली, आणि आडव्या मिल स्ट्रीटकडच्या तोंडांना उलट, वर हिरवी आणि खाली लाल. वरचा दिवा लागला की मेन स्ट्रीटने थांबायचं आणि त्याच दिव्यावर मिल स्ट्रीटने निघायचं. खालचा लागला की त्याच्या उलट. मधला पिवळा सगळ्यांना सारखाच.

गावात नव्याने आलेले लोक जरा गोंधळायचे. गावचे कधीच नाही. मिल स्ट्रीटवरची पोरं अक्षरओळखीआधी शिकायची की आपल्याकडे वर हिरवा असतो.

मी बरीच वर्षं त्या चौकात तारेवर लटकलो. मक्याचे ट्रक, पिवळ्या स्कूल बस, हायस्कूलच्या बँडची मिरवणूक, सगळं माझ्या खालून गेलं. बर्फात माझ्या काचांवरच्या टोप्या पांढऱ्या व्हायच्या, तेव्हा लोक मान वर करून म्हणायचे, "बिचारा बघा, एवढ्या थंडीतही ड्यूटीवर आहे." मला बरं वाटायचं. पण कोपऱ्यावरच्या बँकेला एक घड्याळ होतं. त्याच्याकडे लोक प्रेमाने पाहायचे आणि माझ्याकडे घाईने. ते घड्याळ रोज मागे पडायचं, तरी त्याचंच कौतुक! तेव्हापासूनच माझ्या स्वभावाला ही खोड लागली असावी.

मग नियम आला. लाल सगळीकडे वरच हवा. मला उतरवलं आणि गावाच्या शेडमध्ये, बर्फ ढकलायच्या पात्यांमागे, नाताळच्या प्लास्टिकच्या हरणांशेजारी टाकून दिलं. हरणांना निदान दर डिसेंबरात बाहेर काढायचे. मला कुणी नाही.

तिथून मला ड्वेनने आणलं. ड्वेन शेजारच्या गावचा, आयुष्यभर स्कूल बस दुरुस्त केलेला माणूस. जुने सिग्नल दुरुस्त करून घरामागच्या अंगणात उभे करायचे, हा त्याचा छंद. त्याने माझ्या अंगावरचे रंगाचे थर खरवडले, कुजलेल्या वायरी काढून नव्या घातल्या, टायमर शोधून आणला. काचा त्याने काढल्या, आणि कुठे धुतल्या असतील? बायकोच्या भांडी धुण्याच्या मशीनमध्ये, केकच्या साच्यांसोबत. त्याची बायको रोझली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ड्वेन, उद्या जेवणात हिरवा रंग उतरला तर तूच खायचंस सगळं."

पण त्या काचा परत जागच्या जागी बसवायला तिनेच मदत केली. रोझली विलोक्रीकचीच, मिल स्ट्रीटवर वाढलेली. कुठली कुठे, हे तिला पाठ होतं.

मला अंगणाच्या मधोमध खांबावर चढवलं आणि माझ्याखाली चौकोनी टेबल आलं. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस! दर शुक्रवारी संध्याकाळी तिथे युकरचा डाव बसायचा. युकर हा त्या भागातला पत्त्यांचा खेळ, त्यात चौघे जण, समोरासमोरचे दोघे एका बाजूचे, आणि हुकमाचा गुलाम सगळ्यांत भारी. ड्वेन आणि शेजारचा मार्विन मेन स्ट्रीटच्या बाजूंना, रोझली आणि मार्विनची बायको जोलीन मिल स्ट्रीटच्या बाजूंना. या खेळात जोडीदाराला पत्ते सुचवणं म्हणजे लबाडी, आणि मार्विन तर खोकूनसुद्धा सुचवायचा. म्हणून रोझलीने नियम काढला. ज्यांच्यासमोर लाल, त्या जोडीने तोंड उघडायचं नाही, बोली नसेल तर टेबलावर टकटक करायची. हिरवा असेल त्यांनी पोटभर बोलावं, टोमणे मारावेत. पिवळा लागला की सगळ्यांनी बिअरचा एक घोट.

"मार्विन, खोकला लाल दिव्यात बरा येतो तुला!" जोलीन म्हणायची, आणि मार्विनला उत्तर द्यायला हिरव्याची वाट पाहावी लागायची. तोवर बिचाऱ्याचा चेहराच लाल झालेला असायचा. सगळं अंगण हसायचं, आणि मान वर करून सगळे पाहायचे ते माझ्याकडे.

मग तो आला.

ड्वेनने त्याला जुन्या रजईत गुंडाळून, ट्रकच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून आणलं. मला आणलं होतं ते मागे, खतांच्या पोत्यांवर! एकच तोंड त्याचं. पण लाल काचेवर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘स्टॉप’ असं कोरलेलं, प्रत्येक काचेवर लांब टोपी, आणि अंगाला जुना गडद हिरवा रंग. शिकागोच्या कुठल्याशा मोठ्या रस्त्यावर उभा असायचा म्हणे. त्याची काच मशीनमध्ये गेली नाही. ड्वेनने ती स्वतःच्या हाताने, कोमट पाण्यात धुतली.

"मला इतक्या हळुवार हाताने कधी धरलं होतंस रे?" रोझलीने विचारलं.

"तू कुठे काचेची आहेस!" ड्वेन म्हणाला आणि मग दिवसभर अबोला सोसत बसला.

त्या दिवशी मला रोझली फार आवडली.

पुढच्या शुक्रवारी ड्वेनने मला बंद ठेवलं आणि त्याला लावलं. एका तोंडाचा तो, दिसत होता फक्त ड्वेनला. बाकीचे माना वळवून वळवून कंटाळले आणि मुकाट खेळले. मी मनात टाळ्या वाजवल्या. पण ड्वेन त्याच्याकडेच टक लावून बसला होता. पत्त्यांकडेसुद्धा लक्ष नव्हतं त्याचं.

मग फोन झाला तो व्हर्जिलशी. व्हर्जिल इंडियानाचा, याच छंदाचा. त्याच्याकडे नक्षीदार लोखंडी खांब होता, शिकागोवाल्याच्या काळातला, अगदी जोडीचा. त्याच्या बदल्यात त्याला चार तोंडांचा सिग्नल हवा होता. म्हणजे मी. मी जायचं, माझ्या जागी तो खांब यायचा आणि त्यावर हा मिरवायचा!

मित्रांनो, शेडमध्ये पडलो होतो तेव्हा दुःख झालं होतं. हे मात्र सहन होईना.

"ठरवलंच आहेस तर दे," रोझली भांडी आवरत म्हणाली. "तुझी खेळणी, तू बघ." तिचा स्वर मात्र कोरडा होता.

ड्वेनने माझे फोटो छंदवाल्यांच्या गटात टाकले. लगेच कुणीतरी हसला: वर हिरवा? कोणत्या शहाण्याने बसवला? ड्वेनला ते लागलं. व्हर्जिलसमोर लाज नको म्हणून रोझली बाजारात गेली असताना तो शिडी घेऊन आला आणि माझ्या मिल स्ट्रीटच्या दोन्ही तोंडांच्या काचा त्याने बदलून टाकल्या. वर लाल, खाली हिरवी. खाली उतरून त्याने चारही बाजूंनी फेरी मारली, प्रत्येक तोंड नीट पाहिलं आणि समाधानाने हात पुसले. अरे, माझ्या पोटातल्या वायरी तूच जोडल्या होत्यास ना! दिवे तीनच आहेत, हे कसं विसरलास? पण सिग्नलला बोलता कुठे येतं.

शुक्रवारी व्हर्जिल ट्रक घेऊन आला. लोखंडी खांब मागे आडवा, चकाकणारा. टेबलावर भाजलेली सॉसेजं, मक्याची कणसं आणि रोझलीचा पीच-पाय, म्हणजे पीचची फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, होता. व्हर्जिल पीच-पायची बशी घेऊन ट्रकला टेकला.

"नेण्याआधी एकदा चालवून दाखव," तो म्हणाला. "तुमचा तो डाव असतो ना, तो खेळा. मला बघायचाय."

चौघे बसले. मला लावलं. वरचा दिवा पेटला आणि चारही बाजूंना लाल. चौघांनीही तोंडं मिटली. टकटक, टकटक, टकटक, टकटक. डाव काही पुढे जाईना. मग पिवळा, घोट. मग खालचा पेटला, चारही बाजूंना हिरवा!

"मी म्हणत होते ना..." जोलीन सुरू झाली.

"नाही, आधी मी, तू मघाशी..." मार्विन.

"अरे, हा हिरवा आमचा आहे!" जोलीन ओरडली.

"आमच्याकडेही हिरवाच आहे, डोळे आहेत ना?" ड्वेन म्हणाला.

चौघे एकदम बोलू लागले. पुन्हा लाल झाला, चौघे गप्प. पुन्हा हिरवा, चौघे एकमेकांच्या अंगावर. व्हर्जिल इतका हसला की पीच-पायचा तुकडा त्याच्या बुटावर पडला. "ड्वेन, हा तुझा सिग्नल सगळ्या गावाला एकदम सोडतो! त्या चौकात रोज गाड्यांचा ढीग होत असणार!"

ड्वेनचा चेहरा पडला. रोझली मात्र हसली नाही. ती खुर्चीतून उठली आणि मान वर करून माझ्याकडे पाहत राहिली.

"आमच्या बाजूला वर लाल कुणी केला?"

"मी सरळ केला," ड्वेन पुटपुटला. "उलटा होता ना."

"उलटा? ड्वेन, तो तसाच होता. मिल स्ट्रीटला वर हिरवाच असायचा." तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या बाबांना लाल-हिरव्यातला फरक कळायचा नाही. दुधाची गाडी होती त्यांची. दुसऱ्या गावी गेले की चौकाचौकात घाबरायचे. पण आमच्या चौकात कधी नाही. वरचा लागला की निघायचं, बस. मी शेजारी बसलेली असायचे आणि ते म्हणायचे, चल रोझी, वरचा लागला. घरून निघताना रोज तेच. आजारपणात शेवटी दवाखान्यात न्यायला गाडी काढली तेव्हासुद्धा तेच म्हणाले."

मी तेव्हा हिरवा होतो, चारही बाजूंना, तरी कुणी बोललं नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस," ड्वेन म्हणाला.

"दर शुक्रवारी इथेच बसायचे ना मी, याच खुर्चीवर. जागा बदलू दिली का कधी कुणाला?"

ड्वेन उठला आणि शिडी घेऊन आला. व्हर्जिलने मुकाट्याने शिडी धरली. खांब होता तसाच ट्रकमध्ये राहिला. जाताना व्हर्जिलला उरलेला पीच-पाय बांधून दिला, आणि सौदा मोडल्याचं त्याने मनाला लावून घेतलं नाही.

तर मित्रांनो, एखादी गोष्ट सगळ्यांसारखी दिसली नाही की लगेच हातात शिडी घेऊ नका. ती तशी का आहे, हे आधी घरात विचारा. कुणाच्या तरी खुर्चीशी तिचा संबंध असतो.

माझं म्हणाल, तर माझी जागा मला परत मिळाली. शिकागोवाल्याला गॅरेजच्या भिंतीवर ठोकलं. त्याचं तोंड माझ्याकडेच आहे, आणि त्याची काच अजूनही माझ्यापेक्षा जास्त पुसली जाते. मला ते दिसतं आणि पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

पण शुक्रवारी डाव बसतो. पुरुषमंडळी लाल बघून गप्प होतात. रोझली हातातला हुकमाचा गुलाम उचलते, मान वर करते आणि टेबलावर जोरात आपटत म्हणते, "चल, वरचा लागला!"

असं त्या शिकागोवाल्याला अजून कुणी म्हटलेलं नाही.