टपालाची खोली

सरकार गरीब असतं, हे मला शहाण्णव साली कळलं. वाडीत पोस्ट हवं तर सरकार शिक्का देतं, तराजू देतं, लाल पेटी देतं. खोली मात्र देत नाही. खोली पोस्टमास्तरनं आपल्या घरातली द्यायची, आणि तीही फुकट.

आमचे जुने पोस्टमास्तर म्हातारे होऊन पुण्याला लेकाकडं गेले, तेव्हा जागेसाठी दोन अर्ज पडले. एक बापूसाहेबांच्या पुतण्याचा. बापूसाहेब म्हणजे वाडीतले उसाचे मोठे बागायतदार. दुसरा अर्ज नकोशीचा.

नकोशी ही माझ्या शेजारच्या सावळारामची चौथी पोर. तीन मुलींवर चौथीही मुलगीच झाली, म्हणून ते नाव. आई लहानपणीच गेली. पोर दहावी झाली, लग्न झालं, आणि नवऱ्यानं दुसरी घरात आणली त्याच दिवशी ही आपली ट्रंक उचलून भिगवणच्या गाडीत बसली. परत आली ती बापाजवळच राहिली. दहावीचे मार्क पुतण्यापेक्षा तिचे जास्त होते. तेव्हा अडलं ते खोलीवर. पौषातल्या मंगळवारी पोस्टाचे साहेब जागा बघायला येणार, असं पत्र आलं. हातात आठ दिवस.

घर केवढं, तर एक खोली, पुढं ओटा, मागं मेंढरांचं वाडगं. मेंढरं कधीच विकली होती. वाडग्यात दोन शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या. आणि त्या एकुलत्या खोलीत दोन वर्षं सावळाराम बाजेवर पडून. दमा.

बापूसाहेब ओट्याशी येऊन म्हणाले, "पोरी, कशाला जिवाला तरास? माझ्याकडं स्लॅबची खोली हाय, पंख्यासकट. सरकारी कागद काय खोकल्यात ठिवायचे व्हय?"

"खोकल्याला पडदा लावीन," नकोशी म्हणाली.

"आन हे तात्या कोण तुझे? इंजिनेर?"

"सुतार, गवंडी, रंगारी. सगळं फुकटात."

तात्या म्हणजे मी. काम काही जमत नव्हतं, पण फुकट होतो हे खरं.

पहिल्यांदा भिंतींना चुना दिला. नीळ टाकायचं काम माझ्याकडं होतं. ती एवढी पडली की शेळी दारात उभी राहायची आणि ढग कुठं दिसतात म्हणून वर बघायची. मग नकोशी आणि मी एस्टीनं बारामतीला गेलो. तिथं भंगारवाल्याकडं शाळेतलं टेबल मिळालं, तीन पायांचं. चौथा पाय मी बाभळीचा बसवला. वाड्यावस्त्यांची पत्रं वेगवेगळी ठेवायला तेलाचे पत्र्याचे डबे कापून, आडवे करून भिंतीला ठोकले. खुर्ची भिगवणच्या सलूनवाल्यानं टाकून दिलेली. गोल फिरायची, पण डावीकडंच. उजवीकडं वळायचं असेल तर डावीकडून पूर्ण चक्कर मारून यावं लागायचं.

राहिला पडदा. युरियाच्या रिकाम्या गोण्या उसवल्या, धुतल्या, एकाला एक जोडून शिवल्या. अक्षरं काही गेली नाहीत. 'नत्र ४६ टक्के' असं लिहिलेल्या पडद्यामागं सावळाराम आपल्या बाजेवर.

मी डबे ठोकत असलो की तो आतून हाक मारायचा. "तात्या, काय तरी सांग की."

मग मी सांगायचो. उजनीच्या पाण्यात टपालाची थैली पडली आणि माशानं गिळली. पुढं तो मासा भिगवणच्या बाजारात आला. बाईनं पोट फाडलं तर आत अकरा पाकिटं, एक मनिऑर्डर, आणि मनिऑर्डरीवर पोचल्याची सही. सही कुणाची, तर माशाची.

"इंग्रजीत का मराठीत?" सावळाराम विचारायचा आणि हसता हसता त्याला उबळ यायची. ती अर्धा तास थांबायची नाही. नकोशी पाठ चोळत माझ्याकडं बघायची. मग मी हातोडी खाली ठेवून ओट्यावर जाऊन बसायचो.

तिला एक विचारलं होतं मी. "साहेब आला आन आबा खोकला तर?"

"खोकू द्या. घर त्यांचं हाय. साहेबाला आवडलं तर आवडलं."

असं बोलायची. पण झोपत नव्हती, हे डोळ्यांवर दिसत होतं. सरकारी नोकरी, पगार थोडका का असेना, पण उद्या बाप गेल्यावर बहिणींच्या दारात जायला नको. तिचं सगळं त्या खोलीवर होतं.

सोमवारी ती कागदांचे झेरॉक्स काढायला भिगवणला गेली. मी बापाजवळ. दिवस कलला तसा सावळाराम म्हणाला, "चांद वर आला का रं?"

"आला की. उगवतीला हाय."

"उद्या कृत्तिकेत जातोय."

जन्मभर मेंढरांमागं उघड्यावर झोपलेला माणूस. त्याला पंचांग लागत नव्हतं.

"मग जाऊ दे की," मी म्हणालो.

"कृत्तिकेत माणूस गेलं तर काय करत्यात, तुला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक होतं. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. घर सोडायचं. दाराला बाभळीची काटी लावायची आणि सहा महिने आत दिवासुद्धा लावायचा नाही.

"सा म्हयने दाराला काटी," सावळाराम म्हणाला. "मग टपाल कुठं ठिवंल पोर? बापूसाहेब तर वाटच बघत बसलाय."

"तू काय उद्या मरतोयस?"

"मेंढरू मरायच्या आदी कळपातनं बाजूला हुतं. त्याला कळतं. मलाबी कळतंय. उंबऱ्याभाईर गेलं तर घराला काय न्हाय लागत. मला वाडग्यात न्हिऊन टाक."

"नकोशी मला फाडून खाईल."

"तिला सांगू नगंस. तुला थापा काय कमी येत्यात?"

मी त्याला उचललं. खरं सांगतो, ओली घोंगडी याच्यापेक्षा जड लागते. वाडग्यात कडबा पसरला, त्यावर वाकळ टाकली, शेळ्या एका अंगाला बांधल्या. तो आढ्याकडं बघत पडला आणि म्हणाला, "हितं बरं वाटतंय." तेवढं मात्र खोटं वाटलं नाही.

नकोशी आली, रिकामी बाज बघून दारातच थांबली. "आबा कुठं?"

"वाडग्यात. चुन्याच्या वासानं दम लागतोय म्हणाला. राहू दे दोन दिवस." हे सांगताना माझा हात हवेत असा फिरला की चुनाच उडाला जणू.

ती वाडग्यात गेली. त्यानंही तेच सांगितलं. तिनं घरातली झाडून सगळी पांघरुणं नेली, शेगडी नेऊन ठेवली, आणि शेळ्यांना दम दिला की म्हाताऱ्याची वाकळ ओढली तर कापीन.

मंगळवारी साहेब आले. टेप लावून खोली मोजली. बाभळीचा पाय हलवून बघितला. खुर्चीत बसले आणि उजवीकडं वळायला गेले. खुर्चीनं त्यांना नेमाप्रमाणं डावीकडून फिरवून आणलं. साहेब हसले, आमचा जीव भांड्यात पडला. बापूसाहेबही आले होते. त्यांनी मुद्दाम पडद्याकडं बोट केलं.

"साहेब, त्यामागं काय हाय ते बघितलं का?"

नकोशीनं पडदा सारला. मागं निळी भिंत आणि रिकामी बाज. बापूसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. साहेबांनी कागदावर 'जागा योग्य' असं लिहिलं आणि चहा न घेता गेले.

ती पळतच वाडग्यात गेली. मी मागोमाग.

"आबा, झालं! लिवलं साहेबानं."

"किती भरली खोली?"

"बारा बाय नऊ फूट."

"एवढी मोठी हाय व्हय आपली खोली?" तो म्हणाला. जन्म गेला, कधी मोजली नव्हती.

"चला आता आत. चुना वाळलाय."

"आज न्हाय. उद्या."

"थंडी हाय, आबा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "राहू दे गं आजचा दिस. एवढं म्हणतोय तर."

तिनं ऐकलं. आता वाटतं, माझं एवढं ऐकणारं दुसरं कुणी वाडीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळपासून पाण्यावरून वारं सुटलं. सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा सावळाराम गेला होता. शेगडी विझली होती. एक शेळी दावं तोडून त्याच्या अंगाला लागून बसली होती, तिला उठवताना त्रास झाला.

भटजींनी पंचांग बघितलं. "कृत्तिका," म्हणाले. बापूसाहेबांनी हळूच खोलीच्या दाराकडं बघितलं. मग भटजींनी विचारलं, "गेले कुठं? आत?" वाडग्यात, असं कळल्यावर म्हणाले, "मग घराला दोष नाही. सोडायचं कारण नाही."

सावळारामचा हिशेब बिनचूक निघाला.

तेरावं झालं, पुढच्या महिन्यात नेमणुकीचा कागद आला. लाल पेटी ओट्यावर टांगली. पहिले काही दिवस पोरंसोरं नुसती खुर्ची बघायला यायची. मी रोज जायचो. नकोशी बोलायची, पण कामापुरतं. एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा तिनं शिक्का खाली ठेवला.

"तात्या, चुन्याच्या वासाचं खरं न्हवतं ना?"

मी सगळं सांगितलं. चांद, कृत्तिका, काटी, मेंढराचं कळपातनं बाजूला होणं. एक शब्द वाढवला नाही. सांगून झाल्यावर वाटलं, ही म्हणणार, आता ही नवी थाप. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"खरं बोलताय," ती म्हणाली. "थाप मारताना तुमचा हात हलतो. आत्ता मांडीवर हाय."

मी हाताकडं बघितलं.

"मी घर सोडलंच नसतं, तात्या."

"अगं, वाडी काय म्हणली असती?"

"वाडी काय म्हणायची ऱ्हायलीया? माझं नाव ठिवलं तवापासनं म्हणतीय. दाराला काटी लावली असती तर ती काढून चुलीत घातली असती, आन दुसऱ्या दिशी हितंच बसले असते. सरकारला नक्षत्र नसतं."

"आन बापूसाहेब?"

"त्यांना काय करायचं ते केलं असतं. बघितलं असतं." तिनं शिक्का बाजूला सारला. "दोघा म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं. माझ्यासाठी ठरवलं. आन मलाच इचारलं न्हाय. इचारलं असतं तर आबा आज पडद्यामागं खोकत असते."

मी उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. ती उठली, आलेली पत्रं एकेका डब्यात सरकवू लागली. काही पाकिटांवरचं अक्षर बारीक होतं, ती डोळ्यांजवळ धरून वाचावी लागत होती. भिगवणच्या गाडीची वेळ होत आली होती आणि जायची थैली अजून बांधायची होती.

"तात्या," मान वर न करता ती म्हणाली, "दारातनं सरका. उजेड अडतोय."

मी सरकलो.